दोष पुस्तकात, की नोंदीत? उस्मानियातल्या मराठी ग्रंथांच्या डिजिटल प्रतींविषयी

इंटरनेट आर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं शोधणाऱ्यांना एक पान चांगलं ओळखीचं आहे. वर-खाली 'युनिव्हर्सल लायब्ररी', मध्ये 'ओयू' आणि पुढे आकडे. हे ओयू म्हणजे आपली उस्मानिया युनिव्हर्सिटी. पुष्कळदा त्याच्या आधी आणखी एक पान असतं: 'टाइट बाइंडिंग बुक', 'डॅमेज बुक', किंवा 'टेक्स्ट फ्लाय विदिन द बुक ओन्ली'.

कारखान्यात माल तपासलेल्या माणसाला ही भाषा लगेच कळते. हा इन्स्पेक्शनचा शेरा आहे. त्याचा अर्थ एवढाच, की दोष मुळात पुस्तकातच आहे, आमच्या कामात नाही. शेरा प्रामाणिक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न असा, की पानांची तपासणी करणाऱ्या या व्यवस्थेत नोंदीची तपासणी कोणी केली?

आधी श्रेय देऊ. कार्नेगी मेलन विद्यापीठात राज रेड्डी यांच्या पुढाकाराने दहा लाख पुस्तकांचा प्रकल्प उभा राहिला. भारतात बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि आपल्याकडची ट्रिपल आयटी अशा संस्था त्यात उतरल्या. त्यातून 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' झाली. अनेक ग्रंथालयांनी आपली कपाटं एका कामासाठी उघडावीत, ही गोष्ट आपल्याकडे सोपी नाही. पुढे स्वामित्वहक्काचा प्रश्न आला आणि मूळ संकेतस्थळ बंद पडलं. तोवर लाखो प्रती आर्काइव्हवर चढवल्या गेल्या होत्या, म्हणून आज आपण त्या वाचतो. सामायिक संग्रहाचा पहिला धडा इथेच मिळतो: एकच प्रत एकाच ठिकाणी ठेवली, तर ती ठेवल्यासारखी नसते.

आता उणीव बघू. यातल्या बऱ्याच स्कॅनमध्ये सुरुवातीच्या पानांत उस्मानिया ग्रंथालयाची छापील चिठ्ठी दिसते. कॉल नंबर, दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथनाम, आणि खाली पुस्तक वेळेवर परत करण्याची सूचना. रकाने हाताने भरलेले. कुणा ग्रंथपालाने पुस्तक हातात घेऊन, उघडून ते लिहिलं होतं. डिजिटल नोंदीत मात्र लेखकाच्या जागी अनेकदा 'नॉट अव्हेलेबल' असतं. म्हणजे माहिती त्याच फाइलमध्ये दोन पानं पुढे आहे आणि नोंद सांगते, उपलब्ध नाही!

ग्रंथनामांचं दुखणं वेगळं. मराठी नावं रोमन लिपीत टंकली गेली आणि त्यातही एक पद्धत नाही. कुठे दीर्घ 'आ' साठी दोनदा 'ए', 'ट' साठी 'टी'च्या पुढे स्वल्पविरामासारखी खूण. कुठे सरळ इंग्रजी वळणाचं स्पेलिंग. 'महाराष्ट्र' हा एकच शब्द दोन-चार रूपांत विखुरला की शोधणाऱ्याने काय टाइप करायचं? देवनागरीत टाइप करावं, तर रोमन नोंद सापडायची नाही. कपाटात चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यासारखंच असतं, असं ग्रंथपाल मंडळी म्हणतात. इथे तर कपाटच दिसत नाही.

सालाचा घोळ आपल्या भागात जास्त जपायला हवा. जुन्या मराठी पुस्तकावर शके असतं, निजाम राज्यातल्या सरकारी छपाईवर फसली. शके १८५० म्हणजे इसवी १९२८-२९. हैदराबादचं फसली १३५० म्हणजे इसवी १९४०-४१. सालाच्या रकान्यात नुसता आकडा भरायची सोय असेल आणि कोणतं साल ते विचारलंच नसेल, तर विसाव्या शतकातलं पुस्तक नोंदीत एकोणिसाव्या किंवा चौदाव्या शतकात जाऊन बसू शकतं. यंत्राचा यात काही दोष नाही. रकाना आखणाऱ्याने हैदराबाद डोळ्यांसमोर ठेवलं नाही, एवढंच.

यात मराठवाड्याचं काय अडलंय, असं कोणी विचारेल. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं, तेव्हा मराठवाडा याच राज्यात होता. औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली झालं. तोवर तिकडची महाविद्यालयं उस्मानियाशी जोडलेली होती. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची तीन भागांत वाटणी झाली. जिल्हे वाटले गेले, पण ग्रंथालय काही वाटलं गेलं नाही. पुस्तकं इथे राहिली आणि त्यांचे वाचक औरंगाबाद, नांदेड, परभणीला. इथे मराठी वाचणारे आपण आहोत, पण किती? म्हणून सामायिक डिजिटल संग्रह ही आपल्यासाठी चैन नाही. तुटलेली जोडणी परत जुळवायचा तो एक व्यवहार्य मार्ग आहे.

प्रबंधांची बाजू त्यामानाने बरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि इन्फ्लिबनेटचं 'शोधगंगा' वाढत गेलं. विद्यापीठाचं नाव, मार्गदर्शक, विभाग हे सगळं रकान्यांत असतं. पण प्रबंध प्रकरणांनुसार तुकड्यांत येतो, आणि जुने मराठी प्रबंध एकतर नुसते स्कॅन असतात किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले. डोळ्यांना मराठी दिसतं, पण शोधयंत्राला ती बाराखडी लागत नाही. बरं, प्रबंधात ज्या ग्रंथाचा आधार घेतलाय, तो ग्रंथ आर्काइव्हवर असला तरी दोघांना जोडणारा दुवा नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी २००८ साली 'हाथीट्रस्ट' उभा केला. (नाव आपल्या हत्तीवरूनच, तो विसरत नाही म्हणून.) स्कॅनिंगचं बरंचसं काम गुगलने केलं होतं, पण प्रत्येक प्रत ग्रंथालयाच्या तालिकेतल्या नोंदीला बांधली गेली, आणि स्वामित्वहक्क तपासायला माणसं नेमली गेली. तिथे पैसा आहे, हे खरं. पण या तुलनेत मला पैशापेक्षा क्रम महत्त्वाचा वाटतो: नोंद आधी, चित्र मागून. आपण चित्रं आधी काढली आणि नोंद कंत्राटाच्या शेवटच्या ओळीत ढकलली.

मग करायचं काय? पुन्हा स्कॅनिंगची मागणी नको. ती फाइल वर्षानुवर्षं फिरत राहील. उस्मानिया, औरंगाबाद आणि नांदेड या तीन विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी आपली मराठी दाखल-नोंदवही एकमेकांना द्यावी. नाव देवनागरीत, साल जसं छापलंय तसं आणि शेजारी इसवी, दाखल क्रमांक आणि असेल तर ओयूचा आकडा. रकाने एवढेच. ओयूचा आकडा आणि दाखल क्रमांक शेजारी आले, की स्कॅन आणि कपाट यांची गाठ पडेल. हे झालं तर परभणीतल्या विद्यार्थ्याला पुस्तक कुठे आहे हे कळायला हैदराबादचं तिकीट काढावं लागणार नाही.

आणि ग्रंथालयं हलेपर्यंत आपण? चिठ्ठी वाचता येणारे लोक आपल्या मंडळात आहेत. मोडी वाचणारे आहेत, फसली कळणारे आहेत. एकेकाने दहा पुस्तकांच्या चिठ्ठ्या उतरवून काढल्या, तरी त्या हस्ताक्षराचं काम वाया जाणार नाही. ते वाचणारे दरवर्षी कमी होताहेत, म्हणून हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.