शेपटाखालचा आकडा : दाबोळीच्या संग्रहालयात ‘३००’चा शोध

दाबोळीहून बोगमाळोला जाताना लागणारं नौदलाचं हवाई संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. गोव्यात फिरायला आलेली मंडळी तिथं विमानाशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि तासाभरात समुद्राकडे वळतात. त्यात वाईट काही नाही. पण इतिहासाची आवड असणाऱ्यानं तिथं एक प्रश्न सोबत न्यावा : ही विमानं ज्या स्क्वाड्रनची, तिची गोष्ट या वस्तूंमधून कळते का? या टिपणात तो प्रश्न एकाच स्क्वाड्रनपुरता विचारला आहे : नौदलाची ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन, ‘व्हाइट टायगर्स’.

विमान म्हणजे स्क्वाड्रन नव्हे, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. यंत्रं मोडीत निघतात, माणसं बदलतात. क्रमांक आणि निशाण तेवढं पुढे चालतं. ३०० ची सुरुवात ७ जुलै १९६० रोजी ब्रिटनमधल्या ब्रॉडीच्या तळावर सी हॉक विमानांनी झाली. १९८३ च्या डिसेंबरात सी हॅरियर दाबोळीला उतरली. मे २०१६ मध्ये त्यांना निरोप दिला गेला आणि त्यांची जागा मिग-२९के विमानांनी घेतली. म्हणजे या संग्रहालयातलं सी हॉक आणि सी हॅरियर ही दोन वेगळी प्रदर्शनं नाहीत. ती एकाच घराण्याच्या दोन पिढ्या आहेत. बाहेरच्या आवारातली मांडणी मात्र विमानागणिक आहे. घराणं तिथं दिसत नाही.

खरं तर वस्तू पुष्कळ बोलतात. सी हॉकच्या शेपटाखाली वाकून पाहावं. तिथला आकडा हा त्या विमानाचा सगळ्यात महत्त्वाचा अवयव. ‘विक्रांत’च्या डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत तो अडकायचा आणि वेगात आलेलं विमान काही क्षणांत थांबायचं. पंख वर दुमडायचे, कारण जहाजावर जागा कमी. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट (पुढे नौदलप्रमुख झालेले) राधाकृष्ण तहिलियानी यांनी ‘विक्रांत’वर पहिलं जेट उतरवलं, ते याच आकड्याच्या भरवशावर. आता सी हॅरियरकडे या. इथं आकडा नाही. अंगाला दोन्ही बाजूंनी मिळून चार फिरती तोंडं आहेत. इंजिनाचा झोत त्यांतून खाली वळवला की विमान उभ्या उभ्या उतरतं. आकडा गेला आणि ही तोंडं आली, या एका फरकात विमानवाहू जहाजांच्या वीस-बावीस वर्षांचा इतिहास आहे. पण शेजारी कुणी दाखवणारं नसेल, तर लांबी, वेग आणि इंजिनाचं नाव वाचून माणूस पुढे जातो.

हे दाखवणं आता जास्त निकडीचं झालं आहे. ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि शेवटी भंगारात गेली. ‘विराट’ २०१७ मध्ये निवृत्त झाली आणि तीही अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत गेली. ३०० नं ज्या दोन डेकांवर उमर काढली, ते दोन्ही डेक आता नाहीत. हिरवळीवरची ही विमानं म्हणजे त्यांची राहिलेली साक्ष. गोव्याचा पाऊस आणि खारा वारा ॲल्युमिनियमला सुखानं जगू देत नाही, हेही विसरता येत नाही.

काही गोष्टी मात्र पत्रा स्वतः कधीच सांगणार नाही. ४ डिसेंबर १९७१ रोजी सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला, तेव्हा ‘विक्रांत’चा एक बॉयलर तडे गेल्यामुळे निकामी होता आणि जहाजाचा वेग घटला होता. दुसरी गोष्ट जास्त जड आहे. सुमारे तीस हॅरियर विमानांपैकी जवळपास निम्मी अपघातांत गेली, वैमानिकही गेले. ताज्या रंगातलं चकचकीत हॅरियर पाहताना याची शंकासुद्धा येत नाही. स्क्वाड्रनचा इतिहास सांगायचा तर या माणसांना वगळून कसं चालेल?

आवारातलं सुपर कॉन्स्टेलेशन ३०० चं नाही, पण मुद्दा तेच उत्तम सांगतं. या जातीची विमानं आधी एअर इंडियाची, मग वायुदलाच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची आणि १९७६ पासून नौदलाच्या ३१२ ची. विमान तेच, गणवेश तीन. इतकी रंजक कथा यंत्राच्या मोजमापात बसत नाही.

आणि आपलं गोवं? १८ डिसेंबर १९६१ रोजी वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. त्या दिवसांत ‘विक्रांत’ गोव्यालगतच्या समुद्रात गस्तीवर होती. १९६४ मध्ये नौदलाचा ‘हंसा’ तळ कोइंबतूरजवळच्या सुलूरहून याच दाबोळीला आला. ज्या धावपट्टीवर बाँब पडले, तीच पुढे ३०० चं घर झाली. संग्रहालय त्या घराच्या अंगणातच उभं आहे. एवढं जवळचं नातं दुसऱ्या कुठल्या संग्रहालयाला सहज मिळणार?

त्यासाठी मोठा खर्चही नको. सी हॉक आणि सी हॅरियर शेजारी-शेजारी ठेवावीत. जमिनीवर डेकची रेघ आखावी, आडवी तार ताणावी. आकडा कशासाठी ते शाळकरी मुलालाही कळेल. एका भिंतीवर १९६० पासूनची ३०० ची वंशावळ लावावी, आणि तिथंच, सगळ्यांत वर, परत न आलेल्यांची नावं. विमानं जपण्याचं काम नौदलानं केलं, त्याबद्दल ऋणी राहायलाच हवं. आता त्या विमानांना त्यांची माणसं परत द्यायला हवीत.