साचे, संप आणि सत्ता

डॅरन असेमोग्लू आणि सायमन जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांचे 'पॉवर अँड प्रोग्रेस' हे पुस्तक २०२३ साली निघाले. पुढच्याच वर्षी अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात दोघांचाही वाटा होता. नवे यंत्र आले की सुबत्ता आपोआप सर्वांपर्यंत झिरपते, हा समज ते खोडून काढतात. यंत्राचा लाभ कोणाला मिळणार, हे सत्ता कोणाकडे आहे यावर ठरते. कृत्रिम बुद्धिमत्तेलाही हाच नियम लागू. उपाय म्हणून ते संघटित कामगारांच्या आणि नागरिकांच्या दबावावर भिस्त ठेवतात.

निदान आम्हाला पटते. उपायाबद्दल मात्र शंका आहे, आणि तिचे कारण परळमध्ये सापडते.

१९२८ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी विणकराला दोनाऐवजी तीन साचे सांभाळायला लावण्याचा घाट घातला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले आणि प्रकरण चौकशी समितीपुढे गेले. कामगार थांबला की कापड थांबत असे, हे त्यांचे बळ. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. निर्धार तितकाच होता. पण आता भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड निघत होते. काही मालकांनी तेथूनच ते विणून घेतले. गिरण्या बंद आणि बाजारात कापड हजर! संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, तो विरला.

विज्ञानाच्या शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे. यंत्रमाग काही गिरणीतल्या साच्याहून प्रगत नव्हता. कामगाराला निष्प्रभ करायला त्याच्याहून सरस यंत्र लागत नाही. त्याच्यावाचून काम चालू राहिले की पुरते. संगणक माणसाइतका हुशार होईल का, ही आपली आवडती चर्चा म्हणूनच काहीशी गैरलागू ठरते.

मते तर शाबूत होती. १९८४ साली सामंत लोकसभेवर निवडून गेले. तरीही १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीतून मोकळ्या जागांना आणि म्हाडाच्या घरांना मिळायचा वाटा २००१ च्या दुरुस्तीने केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लोकशाहीवरील प्रकरणात लेखक पाळतीविषयी आणि अपप्रचाराविषयी पुष्कळ लिहितात. श्रमाची गरज सरलेल्या मतदाराच्या मताला किती वजन उरते, याचा हिशेब मात्र त्यात आम्हाला सापडला नाही.