तळावर पडलेली सावली

मासू म्हणजे जपानातलं चौकोनी लाकडी माप. पूर्वी त्याने तांदूळ मोजत, आता त्यातून साके पितात. चित्रकार रियुसुके फुकाहोरी यांच्या मासूत पाणी दिसतं आणि पाण्यात लाल गोल्डफिश. पाणी म्हणजे रेझिन, आणि मासे ॲक्रिलिक रंगांत काढलेले. फुकाहोरी नागोयाचे, जन्म १९७३ चा. चित्रकला सोडावी असं मनात घोळत असताना, २००० साली, घरातल्या दुर्लक्षित टाकीतल्या गोल्डफिशकडे त्यांचं नीट लक्ष गेलं. तेव्हापासून ते मासेच काढताहेत.

हा मासा कुठल्याही एका थरात सापडत नाही. रेझिनचा पातळ थर ओतायचा, तो घट्ट झाला की त्यावर खालचे पर काढायचे. पुन्हा थर, मग पोट. पुन्हा थर, मग खवले. पाठीवरचा पर सर्वांत शेवटी. प्रत्येक थरात माशाचा एक तुकडाच असतो, त्यांचा मासा होतो तो बघणाऱ्याच्या डोळ्यात. खालच्या थरातली चूक खोडायची सोय नाही. शिवाय वरून पाहताना रेझिन खोली चोरतं. त्याचा अपवर्तनांक साधारण १.५, त्यामुळे तीन सेंटीमीटरवरचा तळ दोनवर आल्यासारखा वाटतो. चित्रकाराला हा तोटा गृहीत धरूनच थर मोजावे लागतात.

पण मला खरी दाद द्यावीशी वाटते ती सावलीला. रंग अपारदर्शक, रेझिन स्वच्छ. म्हणून रंगवलेल्या माशाची खरीखुरी सावली तळावर पडते आणि दिवा हलवला की तीही सरकते. आणि मासूची निवड! काचेच्या भांड्यात बाजूने पाहिलं तर एकावर एक तरंगणारे चपटे काप दिसतील आणि सगळं बिंग फुटेल. लाकडाच्या भिंती आपल्याला वरूनच पाहायला लावतात.

हौशी लोकांनी हेच तंत्र यूव्ही रेझिनमध्ये आणलं. फुकाहोरींचं रेझिन दोन द्रव मिसळून करायचं, एकेक थर घट्ट व्हायला बराच वेळ घेणारं. यूव्ही रेझिन बाटलीतून थेट ओतायचं, नेल आर्टच्या दिव्याखाली धरायचं, दोन-तीन मिनिटांत काम झालं. ३६५ किंवा ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश त्यातल्या रसायनाला जागं करतो आणि सुटे रेणू एकमेकांना जखडतात. थर मात्र दोन-तीन मिलिमीटरच्या वर न्यायचा नाही. जाड ओतलं की ते तापतं, आकसतं, भांड्याच्या कडेपासून सुटतं आणि तिथे चंदेरी चकाकी दिसायला लागते. गडद रंग जास्त झाला तर प्रकाश आत पोचत नाही. वरून कडक, खाली ओलं. हवेतल्या प्राणवायूमुळे पृष्ठभाग चिकट राहतो. पुढचा थर धरायला तो बरा, पण ब्रश त्यावर अडखळतो, म्हणून रंगवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतात. हातमोजे हवेतच, कच्च्या रेझिनची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

एका हस्तकला प्रदर्शनातून मी अक्रोडाच्या अर्ध्या कवचातलं असं एक तळं आणलं. तांदळाच्या दाण्याएवढे दोन केशरी मासे, त्यांच्यावर कमळाचं एक पान. कवच निवडणाऱ्या हाताला भांड्याची जाण आहे: बाजू आपोआप झाकल्या गेल्या आणि आतला तपकिरी खडबडीतपणा गाळासारखा दिसतो. पण त्या तपकिरीत खरी सावली बुडून जाते. म्हणून करणाऱ्याने ती काळ्या रंगाने काढली आहे, दोन्ही माशांच्या डावीकडे. माझ्या खिडकीतला उजेडही डावीकडूनच येतो. म्हणजे सावली उजेडाच्याच बाजूला! एकदा हे लक्षात आलं की नजर तिथेच अडकते. माशांखाली आणखी एक पातळ थर घालून ते वर उचलले असते, तर खोली त्यानेच जाणवली असती आणि त्या काळ्या ठिपक्यांची गरजच पडली नसती.

तरी ते विकत घेतलं ते वरच्या थरासाठी. यूव्ही रेझिन काठोकाठ भरलं की पृष्ठताणामुळे मध्ये फुगतं. पेंडंट करणाऱ्यांना हा फुगवटा हवाच असतो, त्याने आतलं फूल मोठं दिसतं. तळ्यात तो चालत नाही. इथे करणाऱ्याने काठाच्या थोडं खालीच हात आवरलाय, त्यामुळे रेझिन मध्ये सपाट राहून कडेला कवचाच्या भिंतीवर जरासं चढलंय, पेल्यातलं पाणी चढतं तेवढंच.