‘इंडियन कॉस्च्यूम’ आणि मालवणचा किनारा

डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा ‘इंडियन कॉस्च्यूम’ हा ग्रंथ 1951 साली प्रसिद्ध झाला. प्राचीन वाङ्मय, शिल्पे व चित्रे यांच्या आधारे भारतीय वेशाचा दीर्घ इतिहास त्यात जुळविला आहे. ग्रंथकर्त्याचा जन्म 1893 सालचा, मालवणचा. तेव्हा त्याच्या साधनांची कसोटी त्याच्याच जन्मभूमीवर घेणे अनुचित ठरू नये.

शिल्प वेशाचा आकार निश्चितपणे सांगते. तो वेश कोणी, केव्हा आणि काय सोसून टाकला हे सांगत नाही. काळ शतकांनी मोजावयाचा असेल तेथे ही उणीव खपून जाते. विसाव्या शतकात मात्र दशक हेच माप होते आणि ती उघडी पडते. शतकाच्या मध्याच्या सुमारास मालवण-वेंगुर्ल्याकडील एकाच घरात आजी काष्ट्याच्या नऊवारी लुगड्यात व पुढे गाठ मारलेल्या चोळीत, सून गोल पाचवारी पातळात आणि नात परकर-पोलक्यात वा फ्रॉकात दिसे. यांतील ‘त्या काळचा वेश’ कोणता?

पाचवारीचा प्रसार केवळ मुंबईच्या अनुकरणाने झाला, हे म्हणणे सोपे असले तरी अपुरे आहे. 1943 मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आले. त्या टंचाईत चार वार वाचणे ही केवळ हौसेची बाब नव्हती. उलटपक्षी, गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणारीला किंवा मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारीला काष्टा सहजासहजी सोडता आला नाही. तिचा काष्टा ‘जुन्या वेशाचा अवशेष’ म्हणून नोंदणे म्हणजे कामाचे हत्यार दागिन्यांच्या यादीत घालणे होय.

ब्राह्मण घरांतील केशवपन केलेल्या विधवेचे तांबडे आलवण शतकाच्या पूर्वार्धात हळूहळू मागे पडले. त्याच्या जाण्याला फॅशन म्हणता येत नाही. तथापि वेशाच्या इतिहासातून ते वगळताही येत नाही.

कापडाच्या मार्गाचाही विचार अवश्य आहे. हा प्रदेश 1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता, आणि त्या जिल्ह्याचे पुरुष मोठ्या संख्येने मुंबईच्या कापडगिरण्यांत होते. माग चालविणारा चाकरमानीच गणपतीला येताना घरच्यांस लुगडे नि अर्धी विजार आणी. 1982 च्या संपानंतर हा ओघ आटला. कृत्रिम धाग्याची पातळे, पंजाबी पोशाख व घरातला गाऊन हे बाजारातून आले. (गाऊनवर पदराच्या जागी टॉवेल घेण्याची रीत एखाद्या प्रबंधाचा विषय व्हावी इतकी बोलकी आहे.)

या भागातील दशावताराकडे साधन म्हणून पाहण्याचा मोह अभ्यासकास होईल. तेथे पुरुष नट स्त्रीपात्र रंगवितो आणि घरांतून गेलेली नऊवारी रंगभूमीवर तशीच राहते. परंतु त्या लुगड्यावरून आजच्या गावातील स्त्रिया काय नेसतात हे ठरविता येणार नाही. मग देवळाच्या भिंतीवरील आकृतीच्या वस्त्राबाबत निराळा न्याय कसा लावावा? घराने टाकलेला वेश शिल्पकाराने परंपरेने पुढे चालविला असणे अशक्य नाही.