स्मृतिभ्रंश, दाह आणि जीवनसत्त्वे : एक चिकित्सा

प्रस्तावना : स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास दाहशामक औषधांसोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्यास स्मृती सावरते, असे प्रतिपादन वारंवार केले जाते. अमरावती-अकोल्यातील कुटुंबांच्या खर्चाशी व आशेशी निगडित अशा या मताची चिकित्सा प्रस्तुत टिपणात केली आहे.

विवेचन : अल्झायमरग्रस्त मेंदूत दाह आढळतो, हे खरे, परंतु तो शमविल्याने रोग थांबतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत नेप्रोक्सेन व रोफेकॉक्सिब यांनी रुग्णांची बौद्धिक घसरण मंदावली नाही. उलट वृद्धांच्या जठरास व मूत्रपिंडास अशा औषधांचा अपाय संभवतो. २००८ च्या चाचणीत फॉलिक आम्ल, ब-६ व ब-१२ यांच्या मोठ्या मात्राही निष्फळ ठरल्या. मात्र त्या रुग्णांत या जीवनसत्त्वांची कमतरता मुळातच नव्हती, ही बाब महत्त्वाची आहे.

आपल्याकडील चित्र निराळे आहे. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी अभ्यासलेल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ कमी आढळले. वऱ्हाडातील शाकाहारी वृद्ध, विशेषतः मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे, याच धोक्यात येतात. या कमतरतेतून उद्भवलेले विस्मरण वेळीच उपचार केल्यास सुधारू शकते.

निष्कर्ष : सबब, सरसकट गोळ्या देण्यापूर्वी रक्तातील ब-१२ तपासणे अगत्याचे आहे. कमतरता आढळल्यास ती त्वरित भरून काढावी. न आढळल्यास तो पैसा रुग्णाच्या शुश्रूषेवर खर्च व्हावा.