‘तिसरी जागा’ कोणाची? : क्रॉसरोड्स व्यापारसंकुलाच्या कायापालटाची चिकित्सा

प्रस्तावना

ओस पडलेल्या व्यापारसंकुलाचे लोकांच्या भेटीगाठींच्या स्थळात रूपांतर करता येते काय, हा प्रश्न अमेरिकेतील नगररचनेच्या चर्चेत गेली काही दशके वारंवार उपस्थित झाला आहे. या चर्चेत वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू शहरातील क्रॉसरोड्स या संकुलाचे उदाहरण यशोगाथा म्हणून दिले जाते. ते यश खरे आहे. तथापि, ज्या संकल्पनेच्या आधारे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते, त्या ‘तिसऱ्या जागे’च्या संकल्पनेत एक महत्त्वाची उणीव आहे. जागेचे गुण सांगताना ही संकल्पना जागेच्या मालकीविषयी जवळजवळ मौन पाळते. प्रस्तुत लेखात क्रॉसरोड्सच्या अनुभवाच्या आधारे या उणिवेची चिकित्सा केली आहे.

ग्रुएन यांचे स्वप्न आणि त्याची परिणती

बंदिस्त व्यापारसंकुलाच्या मुळाशी सामाजिक हेतू होता, हे आज सहसा लक्षात घेतले जात नाही. व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेले वास्तुशास्त्रज्ञ व्हिक्टर ग्रुएन यांनी मिनेसोटा राज्यातील इडायना येथे ‘साउथडेल’ हे संकुल उभारले. ते १९५६ मध्ये खुले झाले. संपूर्ण छताखाली असलेल्या, वातानुकूलित अशा या संकुलाच्या मध्यभागी झाडे, बैठका आणि प्रशस्त चौक होता. मोटारींवर अवलंबून असलेल्या विखुरलेल्या उपनगरांना युरोपीय शहरांतील चौकासारखे एक केंद्र लाभावे, ही ग्रुएन यांची अपेक्षा होती. संकुलाभोवती घरे, शाळा आणि दवाखाने उभे राहावेत, असेही त्यांच्या योजनेत अभिप्रेत होते. प्रत्यक्षात विकसकांनी त्यांच्या योजनेतील दुकाने आणि वाहनतळ तेवढे उचलले आणि उरलेला भाग सोडून दिला. पुढे स्वतः ग्रुएन यांनीच या संकुलांविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली.

या परिणतीचे कारण वास्तुरचनेत शोधणे पुरेसे नाही. चौक बांधला गेला, परंतु चौकात येणाऱ्याची ओळख ग्राहक एवढीच राहिली. ज्याला काही विकत घ्यायचे नाही, त्याच्या बसण्याला त्या हिशेबात स्थान नव्हते.

ओल्डनबर्ग यांची संकल्पना

समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ग्रेट गुड प्लेस’ या ग्रंथात ‘तिसऱ्या जागे’ची संकल्पना मांडली. घर ही पहिली जागा, कामाचे ठिकाण ही दुसरी, आणि या दोहोंबाहेर माणसे स्वेच्छेने, वारंवार व सहजपणे एकत्र येतात ती तिसरी जागा होय. अशी जागा तटस्थ असते, तेथे सामाजिक दर्जाचे ओझे बाजूला ठेवले जाते, संभाषण हाच तेथील मुख्य व्यवहार असतो आणि नेहमी येणारी माणसे त्या जागेला तिचा स्वभाव देतात. मराठी वाचकाला येथे पार, चावडी किंवा कट्टा आठवणे स्वाभाविक आहे. परंतु पारावर आणि चावडीत कोणी बसावे हे जात आणि लिंग यांनी ठरत असे. तटस्थता हा कोणत्याही जागेचा निसर्गदत्त गुण नसतो, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

व्यापारसंकुलाविषयी ओल्डनबर्ग यांचे मत अनुकूल नव्हते. तेथे अनोळखी माणसे एकमेकांजवळून केवळ निघून जातात, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. या पार्श्वभूमीवर, त्यांच्याच संकल्पनेतून प्रेरणा घेऊन एका विकसकाने व्यापारसंकुलात तिसरी जागा घडवावी, ही घटना विशेष लक्षणीय ठरते.

क्रॉसरोड्सचा कायापालट

बेलव्ह्यूच्या पूर्व भागातील क्रॉसरोड्स हे संकुल १९६० च्या दशकात उभे राहिले. शहराच्या मध्यभागी असलेल्या ‘बेलव्ह्यू स्क्वेअर’सारख्या अधिक संपन्न संकुलाशी त्याला स्पर्धा करता आली नाही आणि १९८० च्या दशकापर्यंत त्याला उतरती कळा लागली. याच दशकात ते रॉन शेर या विकसकाच्या हाती आले. शेर यांनी मोठ्या दुकानांच्या मागे न लागता संकुलाच्या मध्यभागी बसण्याची विस्तृत जागा केली. तिच्याभोवती निरनिराळ्या देशांचे खाद्यपदार्थ देणारी छोटी उपाहारगृहे आली. जमिनीवर मोठा बुद्धिबळाचा पट आखला गेला व त्यावर माणसाच्या कमरेपर्यंत येतील अशी प्यादी-मोहरे ठेवली गेली. छोट्या रंगमंचावर विनामूल्य संगीताचे कार्यक्रम होऊ लागले. १९९४ मध्ये बेलव्ह्यू नगरप्रशासनाने संकुलातच आपले छोटे सेवाकेंद्र सुरू केले. तेथे नव्याने आलेल्या स्थलांतरितांना अनेक भाषांतून माहिती मिळू लागली. ग्रंथालयाची छोटी शाखाही संकुलात आली.

परिसराची लोकसंख्या याच काळात बदलत होती. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८६ मध्ये शेजारच्या रेडमंड येथे मुख्यालय हलविल्यानंतर या भागात भारतीयांसह अनेक देशांतील कुटुंबे स्थायिक झाली. भाषा आणि चालीरीती वेगळ्या असलेल्या माणसांना शेजारी बसण्यासाठी समान निमित्त हवे असते. भोजन आणि बुद्धिबळ यांनी ते पुरविले.

या व्यवहारामागे उपकारबुद्धीबरोबर आर्थिक गणितही होते. बसायला येणारा माणूस आठवड्यातून अनेकदा येतो आणि कधी चहा, कधी जेवण, कधी किराणा घेतो. त्यामुळे छोट्या दुकानदारांचे उत्पन्न स्थिर होते व मालकाला भाडे मिळत राहते. थोडक्यात, थांबणे आणि खरेदी करणे यांतील सक्तीचा संबंध शेर यांनी सैल केला. कायापालटाचे खरे मर्म येथे आहे. बुद्धिबळाचा पट अन्यत्रही आखता येईल. मात्र काहीही विकत न घेता दोन तास पटाशेजारी उभ्या राहणाऱ्या वृद्धाला कोणी हटकणार नाही, ही खात्री केवळ पट आखून निर्माण होत नाही.

परवानगी आणि अधिकार

तथापि, ही खात्री मालकाच्या धोरणातून आलेली आहे, नागरिकाच्या अधिकारातून नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये लॉइड कॉर्पोरेशन विरुद्ध टॅनर या खटल्यात, व्यापारसंकुलात युद्धविरोधी पत्रके वाटण्याचा हक्क संघराज्याच्या घटनेने दिलेला नाही, असा निर्णय दिला. १९८० च्या प्रूनयार्ड खटल्यात त्याच न्यायालयाने, राज्ये आपापल्या घटनांनुसार अधिक व्यापक हक्क देऊ शकतात, हे मान्य केले. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये अल्डरवुड प्रकरणात व्यापारसंकुलात जनप्रस्तावासाठी सह्या गोळा करण्यास संरक्षण दिले. परंतु १९८९ च्या साउथसेंटर प्रकरणात, राज्यघटनेतील भाषणस्वातंत्र्याचे कलम खासगी मालकाला बांधून ठेवीत नाही, अशी भूमिका घेतली. म्हणजे ज्या वर्षी ओल्डनबर्ग यांचा ग्रंथ तटस्थ भूमीचे महत्त्व सांगत होता, त्याच वर्षी त्या भूमीवरील नागरिकाचा हक्क क्रॉसरोड्सच्याच राज्यात मर्यादित झाला.

मालकीचा प्रश्न पुढे प्रत्यक्षातही उपस्थित झाला. २०१० नंतरच्या दशकात क्रॉसरोड्सची मालकी रिटेल ऑपॉर्च्युनिटी इन्व्हेस्टमेंट्स कॉर्पोरेशन या भागधारकांच्या कंपनीकडे गेली आणि २०२५ मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक समूहाने ती कंपनीच विकत घेतली. नवा मालक जुने धोरण सोडीलच, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ते चालू ठेवण्याचे बंधनही केवळ परंपरेतून निर्माण होत नाही. एका व्यक्तीच्या दृष्टीवर उभी राहिलेली जागा त्या व्यक्तीनंतर कशाच्या आधारे टिकणार, याचे उत्तर ओल्डनबर्ग यांच्या मांडणीत सापडत नाही.

या उत्तराची एक दिशा शेर यांच्याच दुसऱ्या प्रयोगात आढळते. लेक फॉरेस्ट पार्क येथील मंदावलेल्या संकुलात त्यांनी १९९८ मध्ये ‘थर्ड प्लेस बुक्स’ हे पुस्तकांचे दुकान काढले आणि त्याला लागून मोठे सामाईक दालन ठेवले. या दालनातील कार्यक्रमांची जबाबदारी ‘थर्ड प्लेस कॉमन्स’ ही ना-नफा संस्था सांभाळू लागली. पुढे तेथील संकुलाचीही मालकी बदलली, पण दालनाची बाजू मांडणारी संघटित संस्था अस्तित्वात होती. जमीन खासगी असली तरी जागेच्या वापराला सामाजिक वारस मिळाला, हा फरक मूलभूत आहे.

एकाच नावाची दोन संकुले

मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ मध्ये सुरू झालेल्या मॉलचे नावही ‘क्रॉसरोड्स’ हेच होते. आरंभीच्या काळात तेथे प्रवेशासाठी क्रेडिट कार्ड किंवा मोबाईल फोन दाखवावा लागे, अथवा प्रवेशशुल्क भरावे लागे. पुढे त्याचे नाव आणि मालकी बदलली व कालांतराने ते ओस पडले. ही घसरण केवळ त्या नियमामुळे झाली, असा दावा करणे अयोग्य ठरेल. परंतु बेलव्ह्यूच्या संकुलात निर्धास्त बसता येणे आणि मुंबईच्या संकुलाच्या दारात अडविले जाणे, या दोन्ही गोष्टींचा उगम एकच आहे, आणि तो म्हणजे मालकाची इच्छा. एकीकडे ती उदार होती, दुसरीकडे कृपण.

समारोप

क्रॉसरोड्सचा कायापालट अनुकरणीय आहे, यात संशय नाही. परंतु त्याचे अनुकरण करताना टेबले, रंगमंच आणि उपाहारगृहे यांची यादी पुरेशी ठरणार नाही. सामाईक दालनासाठी स्वतंत्र संस्था, नगरप्रशासनाशी लेखी करार, पुनर्विकासाच्या परवानगीत सामाईक जागेची अट, अशा उपायांनी मालकाच्या परवानगीला टिकाऊ रूप द्यावे लागेल. ‘तिसऱ्या जागे’च्या संकल्पनेला मालकीच्या विचाराची जोड मिळाल्याशिवाय ती अपुरीच राहते. कोणत्याही नव्या संकुलाची परीक्षा म्हणूनच दोन प्रश्नांनी करता येईल : काहीही विकत न घेता येथे कोण बसू शकतो, आणि त्याला उठविण्याचा अधिकार कोणाला आहे?