फुले, निळू
मराठी रंगभूमी व चित्रपट यांतील श्रेष्ठ चरित्र अभिनेते. मृत्यू पुणे येथे, १३ जुलै २००९. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून त्यांची जडणघडण झाली. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना लौकिक मिळवून दिला. ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटाने तो दृढ केला. ‘सामना’ या चित्रपटातील साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील ही त्यांची सर्वोत्कृष्ट भूमिका होय. आवाज न चढवता, केवळ नजरेने व शब्द रेंगाळत ठेवून त्यांनी तीत सत्तेचा माज सूचित केला. ‘सिंहासन’मधील (१९७९) पत्रकार दिगू टिपणीस मात्र सत्तेचा खेळ जवळून पाहून अखेर हतबल होतो. ही दोन्ही टोके सारख्याच संयमाने पेलणाऱ्या या नटास व्यावसायिक चित्रपटांनी बव्हंशी दुष्ट पाटलाच्या साच्यातच अडकवले, ही त्यांच्या अभिनयगुणांची उपेक्षाच म्हणावी लागेल.